कंट्रोलर लावला म्हणजे झालं नाही

“छोट्या गाडीला नायट्रस लावायचंय? मग प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर घ्या, इंजिनाला काही होत नाही.” हे वाक्य मोठ्या शहरांतल्या ट्यूनिंगच्या दुकानांतून निघालं आणि कराड, विटा, दहिवडी करत आता म्हसवडच्या गॅरेजांपर्यंत येऊन पोचलं आहे. त्याच गॅरेजात बसलेले जुने मिस्त्री ते एका फटक्यात उडवून लावतात. “नायट्रस म्हणजे इंजिनाचं मरण. मारुती आठशेला तर नावच काढू नका.” दोन्ही बाजू ठामपणे बोलतात आणि मधला पोरगा गोंधळतो. माझं म्हणणं असं की दोघांचंही निदान चुकलं आहे. मिस्त्रींनी रोगाचं नाव चुकीचं सांगितलं, म्हणूनच विक्रेत्याचं चुकीचं औषध खपतंय.

मिस्त्रींनी जे पाहिलं ते खोटं नाही. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेलं, दोन रिंगांमधली कडा तुटलेली, प्लगचं टोक वितळलेलं, हेड गॅस्केट उडालेलं. असं इंजिन उघडलं की माणूस म्हणणारच की गॅसने जाळलं. पण नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. जोसेफ प्रिस्टलीने १७७२ साली तो वेगळा केला, हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले आणि १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने दात काढताना वेदना होऊ नयेत म्हणून तो वापरला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना तोच वायू आजही वापरतात. सिलिंडरमधल्या उष्णतेत त्याची फोड होऊन नायट्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांत जीएम-१ नावाची यंत्रणा याचसाठी बसवली होती, उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन पुरावा म्हणून.

ऑक्सिजन वाढला की पेट्रोल वाढवावंच लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नायट्रस मात्र साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो. म्हणजे वजनाला वजन धरलं तर नायट्रस हवेच्या दीडपट पेट्रोल मागतो. ते पेट्रोल वेळेवर आणि पुरेसं पोचलं नाही की मिश्रण लीन होतं, सिलिंडरचं तापमान चढतं, ज्वाला पोचायची वाट न पाहता उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि इंजिन आतून हातोडा मारल्यासारखं नॉक करू लागतं. पिस्टनला भोक पडतं ते यामुळे. मिस्त्रींनी बोट गॅसकडे दाखवलं, ते पेट्रोलच्या लाइनकडे दाखवायला हवं होतं.

दुसरं कारण याहून कमी लोकांना ठाऊक आहे आणि छोट्या इंजिनाच्या बाबतीत तेच जास्त महत्त्वाचं आहे. इथे जरा आकडेमोड करू.

मारुती ८०० घ्या. १९८३ च्या डिसेंबरात आली, २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून बंद झाली, पण माण-खटावच्या रस्त्यांवर अजून दिसते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ५००० आरपीएमला सुमारे ३७ हॉर्सपॉवर आणि २५०० आरपीएमला सुमारे ५९ न्यूटन-मीटर टॉर्क. तिला २५ हॉर्सपॉवरचा शॉट, म्हणजे तेवढी ताकद वाढवणारा नायट्रसचा मारा, लावला असं धरा. नायट्रसचा जेट हा ठरावीक छिद्राचा असतो. इंजिन हळू फिरो की जोरात, त्यातून सेकंदाला साधारण तेवढाच वायू येतो. ५००० आरपीएमला ही २५ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३५ न्यूटन-मीटरची भर. तीच २५ हॉर्सपॉवर २५०० आरपीएमला दिली तर भर होते सुमारे ७१ न्यूटन-मीटरची. इंजिनाचा मूळचा सगळा टॉर्क ५९, आणि वरून त्याहून जास्त! एकूण १३०. त्या क्षणी प्रत्येक सिलिंडरमधला दाब ज्या हिशोबाने कारखान्याने कनेक्टिंग रॉड, रिंगा आणि गॅस्केट केले, त्याच्या दुपटीपलीकडे जातो. अडीच हजारावर बटण दाबणाऱ्याचं इंजिन फुटलं तर त्यात गॅसचा दोष काय?

यावर विक्रेता म्हणेल, “म्हणूनच तर प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर!” बरोबर. सगळा वायू एकदम सोडण्याऐवजी सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) भराभर उघडबंद करून थोडा थोडा सोडायचा आणि हळूहळू शंभर टक्क्यांवर न्यायचा, ही कल्पना अस्सल आहे. मी तिच्या विरोधात नाही. उलट छोट्या इंजिनाला प्रोग्रेसिव्ह लागतोच, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या व्ही-आठ इंजिनाला २५ हॉर्सपॉवरची भर जाणवतही नाही. आठशेला ती दोन तृतीयांश भर आहे. पण विकला जातो तो बहुतेक वेळा वेळेवर चालणारा कंट्रोलर. तीस टक्क्यांवर सुरू करा, तीन सेकंदांत शंभरावर न्या. या तीन सेकंदांचा इंजिनाच्या फिरण्याशी काय संबंध? पहिल्या गिअरमध्ये तीन सेकंद संपायच्या आत इंजिन पाच हजारांवर पोचलेलं असतं. तिसऱ्या गिअरमध्ये, त्यातही चढावर, तीन सेकंदांनंतर ते अजून तीन-साडेतीन हजारांतच रेंगाळत असतं आणि कंट्रोलरने मात्र पूर्ण शंभर टक्के सोडून दिलेले असतात. ज्या धक्क्यापासून वाचवायचं म्हणून यंत्र घेतलं, तोच धक्का ते तीन सेकंद उशिरा देतं.

हिशोब खरं तर सोपा आहे. टक्केवारी आरपीएमच्या प्रमाणात ठेवा. पाच हजारला शंभर टक्के धरले तर चार हजारला ऐंशी, साडेतीन हजारला सत्तर, तीन हजारला साठ. असं केलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत टॉर्कची भर एकसारखी ३५ न्यूटन-मीटरच राहते, मधे कुठे उसळी येत नाही. यासाठी कंट्रोलरला आरपीएमची तार जोडावी लागते आणि कोणत्या आरपीएमला किती टक्के याचा नकाशा भरावा लागतो. नुसत्या वेळेवर चालणारा कंट्रोलर छोट्या गाडीला सुरक्षित म्हणून विकणं ही दिशाभूल आहे. हा शब्द मी विचार करून वापरतो.

आता समजा, आरपीएमवर चालणारा कंट्रोलर घेतला. तरी “मग इंजिनाला काही होत नाही” हे वाक्य टिकत नाही, कारण सोलेनॉइड म्हणजे नळ नव्हे. तो अर्धा उघडत नाही. एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. कंट्रोलर त्याला सेकंदाला दहा-वीस वेळा उघडतो आणि प्रत्येक वेळी किती काळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. तीन सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा हवा ओढतं. कंट्रोलर सेकंदाला दहा ठोके देत असेल तर एका ठोक्याच्या काळात साडेसात वेळा हवा ओढली जाते. तीस टक्क्यांवर त्यातल्या जेमतेम सव्वादोन ओढींच्या वेळी नायट्रस चालू असतो. म्हणजे एका सिलिंडरला भरपूर, शेजारच्याला काहीच नाही, पुढच्या ठोक्याला उलटं. मॅनिफोल्डमध्ये थोडं मिसळतं, नळीत उरलेला वायू झिरपत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा तीव्र राहत नाही. पण राहतो. सहा-आठ सिलिंडरच्या इंजिनाचं ठीक आहे, तिथे ओढी इतक्या भराभर पडतात की वाटप आपोआप सरासरीवर येतं. तीन सिलिंडरला ती मुभा नाही. म्हणून ठोके जितके जलद देता येतील तितके द्यावेत आणि नोझल थ्रॉटलच्या अगदी तोंडाशी न बसवता मिसळायला जागा मिळेल असा मागे बसवावा.

त्यात दोन सोलेनॉइड असतात, एक नायट्रसचा, एक पेट्रोलचा. नायट्रसच्या सोलेनॉइडला साठ-पासष्ट बारच्या दाबाविरुद्ध उघडायचं असतं, पेट्रोलच्या सोलेनॉइडला साधारण तीन बारच्या. दोघांना एकाच क्षणी वीज दिली तरी ते एकाच क्षणी उघडत नाहीत. पूर्ण उघडे असताना हा फरक मामुली ठरतो, पण तीस टक्क्यांवर उघडण्याचा काळच इतका थोडा असतो की त्यातला छोटा उशीरही प्रमाण बिघडवतो. शंभर टक्क्यांवर मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर बरोबर दाखवतोय म्हणून तीस टक्क्यांवरही मिश्रण बरोबर असेल, हे गृहीत धरणं इथे अंगाशी येतं. आणि मीटरचा सेन्सर असतो एक्झॉस्टच्या एकत्र झालेल्या पाइपात. दोन सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त) आणि एक लीन असेल तर तो तिघांची सरासरी दाखवणार आणि तुम्ही निश्चिंत होणार. म्हणून प्रत्येक धावेनंतर तिन्ही प्लग काढून पाहायचे, एकेक करून, भिंगाखाली. पांढराफटक झालेला किंवा बारीक चकचकीत ठिपके धरलेला एक जरी प्लग निघाला, तरी त्या दिवसाचं काम थांबवायचं. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात.

कंट्रोलर नवा धोका घेऊन येतो, हे तर कोणी सांगतच नाही. साधा सोलेनॉइड एका धावेत एकदा उघडतो, एकदा बंद होतो. ठोक्यांवर चालणारा दहा सेकंदांच्या धावेत शंभर-दोनशे वेळा आपटतो. त्याची आतली सील त्या मानाने लवकर झिजते, कॉइल तापते. झिजलेला सोलेनॉइड उघडाच अडकला तर कंट्रोलर कितीही हुशार असो, तो झडप बंद करू शकत नाही, कारण त्याच्या हातात फक्त वीज आहे. पेट्रोलचा सोलेनॉइड गळत असेल तर इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचतं आणि पुढच्या स्टार्टला बॅकफायर होऊन मॅनिफोल्ड फुटू शकतो. म्हणून ठोक्यांसाठीच बनवलेले सोलेनॉइड घ्यायचे, साध्या रिलेऐवजी सॉलिड-स्टेट रिले वापरायचा, सील ठरावीक काळाने बदलायच्या आणि धाव संपली की बाटलीचा कॉक हाताने बंद करायचा. आठशेसारख्या गाडीत बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही लहान. व्होल्टेज पडलं की सोलेनॉइड आणखी आळसतो आणि वर सांगितलेलं प्रमाण पुन्हा बिघडतं. वायरिंगचा एक सैल लग इथे पिस्टन घालवू शकतो.

आता आमच्या हवेबद्दल. हा भाग परदेशी किटच्या पुस्तिकेत सापडणार नाही आणि माझ्या दृष्टीने हाच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

बाटलीत नायट्रस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब पूर्णपणे तापमानावर ठरतो. २० अंशांना सुमारे ५० बार, ३० अंशांना सुमारे ६३. जेटचे तक्ते ९०० ते १००० पीएसआय धरून केलेले असतात, म्हणजे ६२ ते ६९ बार. हा दाब बाटली साधारण २९ ते ३४ अंशांच्या मधे असतानाच मिळतो. थंड देशात हा दाब आणायला बाटलीला हीटर लावतात आणि काही किटमध्ये तो हीटर येतो. मार्गशीर्षात, सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या दिवसांतल्या पहाटे माणदेशात पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा बाटलीत चाळीस बारच्या आसपास दाब असतो, नायट्रस कमी जातो, पेट्रोल तेवढंच राहतं आणि गाडी रिच होऊन गुदमरते. त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चैत्र-वैशाखात. नायट्रस ३६.४ अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही. त्या तापमानाला दाब ७२ बारच्या पुढे असतो आणि त्यानंतर बाटली किती भरली आहे त्यावर तो झपाट्याने चढतो. म्हसवडला एप्रिल-मे महिन्यात दुपारी सावलीत चाळिशी ओलांडते. बंद गाडीत उन्हात ठेवलेली बाटली त्याच्याही खूप पुढे जाते. द्रवासाठी मोजलेल्या छिद्रातून आता द्रव येतच नाही. मग जेटच्या तक्त्यातला कुठलाही आकडा लागू पडत नाही आणि कंट्रोलरला याची काहीही खबर नसते, कारण तो फक्त टक्केवारी मोजतो. सत्तर टक्के म्हणजे कशाचे सत्तर टक्के, हे बाटलीचा दाब ठरवतो.

तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात हीटरची तार काढून टाका. बाटलीला प्रेशर गेज लावा, तिला ओलं बारदान गुंडाळा, सावलीत ठेवा आणि गेज ९०० ते १०००च्या बाहेर असेल तर धाव घेऊ नका. दुपारी अकरा ते पाच तर मुळीच नाही. बाटलीवर वजनाची जी मर्यादा लिहिली आहे तिच्या पुढे एक ग्रॅमही भरू नका. बाटलीच्या तोंडाशी जी फुटणारी चकती असते तिची नळी गाडीच्या बाहेर काढा, म्हणजे चकती फुटलीच तर वायू ड्रायव्हरच्या तोंडावर येणार नाही. एका बाटलीतून दुसरीत गॅरेजातच नायट्रस उतरवून घेण्याचा उद्योग तर अजिबात नको. गॅस सिलिंडर नियम २०१६ नुसार भरण्याला परवाना लागतो आणि सिलिंडर मान्यताप्राप्त असावा लागतो. हे पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था आहे आणि तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. फिटिंगला तेल-ग्रीस लावण्याची आपल्या हातांना सवय असते. नायट्रसच्या लाइनला ती सवय घातक आहे, कारण हा वायू जळत नसला तरी जाळायला जबरदस्त मदत करतो.

पेट्रोलचंही तसंच. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांतून जातं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, नॉकिंगला आळा बसतो, हे मान्य. पण इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला हे मिश्र पेट्रोल साधारण सात-आठ टक्के जास्त लागतं. शुद्ध पेट्रोल धरून छापलेल्या तक्त्यातला जेट लावला की तुम्ही पहिल्या धावेपासूनच लीन बाजूला असता. त्यात १५ हॉर्सपॉवरच्या शॉटचा पेट्रोल जेट इतका बारीक असतो की आमच्या रस्त्यांवरच्या धुळीचा एक कण त्यात अडकला तरी पेट्रोल तुटतं आणि नायट्रस चालूच राहतो. दोन्ही लाइनींना फिल्टर आणि पेट्रोलच्या लाइनीतला दाब घसरताच सगळं बंद करणारा स्विच, यांच्याशिवाय हे काम करू नये.

आणि १५ हॉर्सपॉवर म्हटलं ते मुद्दाम. आठशेला २५चा शॉट आरपीएमच्या हिशोबाने दिला तरी माझ्या मते तो जास्त आहे. मूळ पिस्टन आणि रॉड ठेवायचे असतील तर मूळ ताकदीच्या साधारण चाळीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. पंधराच्या शॉटने टॉर्कची भर एकवीस न्यूटन-मीटरच्या आसपास राहते, एकूण ऐंशी. तंदुरुस्त इंजिन हे सोसू शकतं. तंदुरुस्त म्हणजे तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून सारखं आलेलं, लाखभर किलोमीटर पळून तेल खाणारं नव्हे. प्लग एक पायरी थंड, त्याची गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर, टायमिंग एक-दोन अंश मागे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर फिरवून ते जमतं, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीला त्यासाठी वेगळी सोय करावी लागते, आणि ती न करता लोक पुढे जातात तिथेच पिस्टन जातो. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा सिनेमा २००१ मध्ये आला तेव्हापासून पोरांच्या डोक्यात स्टिअरिंगवरचं लाल बटण बसलं आहे. ते बटण काढून टाका. एक्सिलरेटर पूर्ण तळाला टेकला तरच चालू होणारा स्विच, तीन हजार आरपीएमच्या खाली बंद, आणि वरच्या बाजूला रेव्ह लिमिटरच्या निदान तीनशे आरपीएम आधी बंद, कारण लिमिटर पेट्रोल तोडतो. पेट्रोल तुटलेलं आणि नायट्रस चालू, अशी स्थिती एक सेकंदही येता कामा नये. मिश्रण लीन होताच सगळं तोडणारा वाइडबँड त्याला जोडा. हे सगळं झाल्यावर, आणि तेव्हाच, कंट्रोलर बसवा.

एवढा खर्च करायचा तर आठशेच कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा सूर मला मान्य नाही. याच पट्ट्यात, सांगली जिल्ह्यात, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत, मोटारी रिवाइंड करत इथल्या अनेक पिढ्या यंत्र शिकल्या. दुष्काळी तालुक्यातल्या पोराकडे महागडी गाडी नसते, वडिलांची जुनी आठशे असते. इंजिनाच्या आत काय चालतं हे शिकण्याची भूक त्याला आहे आणि मिश्रण, टायमिंग, टॉर्क, दाब हे सगळं त्याला एकाच कामात शिकायला मिळतं. “मरण आहे, हात लावू नको” एवढंच सांगून आपण त्याला गप्प करतो आणि मग तो जातो विक्रेत्याकडे, जिथे त्याला सांगतात की हा कंट्रोलर घे, काही होत नाही. जुन्या मिस्त्रींना माझी विनंती आहे: त्या पोराला फुटलेला पिस्टन दाखवा आणि तो का फुटला ते नीट सांगा. तुमच्या हाताला जे कळतं ते कुठल्याच पुस्तिकेत नाही.

राहिला रस्ता. “रात्री सातारा-पंढरपूर रस्ता मोकळा असतो” हा युक्तिवाद मी एकदाही मान्य करणार नाही. त्या रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, मेंढरांचे कळप घेऊन निघालेले धनगर असतात, पायी निघालेले वारकरी असतात. आठशेची चाकं बारा इंची, मागे ड्रम ब्रेक. इंजिनाची ताकद वाढली म्हणून ब्रेकची वाढत नाही. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा देतं. नायट्रस लावलेली गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. ती ट्रेलरवरून बंद धावपट्टीपर्यंत न्यायची आणि ट्रेलरवरूनच परत आणायची.

बंद धावपट्टी आहे कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत होत आली आहे. माणमधल्या पोराने ट्रेलर भाड्याने घेऊन तिथे जायचं म्हणजे किटइतकाच खर्च. आपल्या भागाला नियमांतली शर्यत ठाऊक नाही असं नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परवानगी, पशुवैद्याची तपासणी, आखलेली धाव हे सगळं आपण शिकलो, कारण त्यावाचून शर्यतच होणार नव्हती. गाड्यांसाठी एवढंच हवं आहे: वर्षातून दोन-तीन दिवस चारशे मीटरचा बंद पट्टा, गाडी सोडण्याआधी बाटली, झडपा आणि वायरिंग तपासणारी माणसं, बाजूला अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका. सातारा आणि सांगलीच्या प्रशासनाने आणि इथल्या मोटारस्पोर्ट क्लबांनी एकत्र बसून हे करावं, ही माझी जाहीर मागणी आहे. परवानगीची प्रक्रिया राष्ट्रीय मोटारस्पोर्ट महासंघाकडे तयार आहे, नव्याने काही शोधायचं नाही.

तोवर गॅरेजवाल्यांना एक विनंती. वाइडबँड, पेट्रोल-दाबाचा स्विच आणि आरपीएमवर चालणारा कंट्रोलर हे तिन्ही नसतील तर नायट्रसचं काम घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. आणि तिन्ही असूनही गाडी रस्त्यावर पळवायची असेल तर तेव्हाही घेऊ नका.